हात हलतो

तान्ह्या बाळाच्या केसाएवढ्या शिरेत पहिल्याच टोचणीत सुई घालणारी बाई ती. अख्ख्या इस्पितळात कुणाची शीर सापडेना झाली की हाक सिस्टरांनाच. आणि अशा बाईला तिचा नवरा म्हणतो, "तुझा हात हलतो." अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

झालं होतं असं. इस्पितळामागच्या झाडाच्या ढोलीत घुबडाची पिल्लं होती आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून ते झाड सोमवारी तोडणार होते. "पिल्लं दाखवा, थांबतो," व्यवस्थापक म्हणाले. सिस्टरांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला, तर म्हणे, "हे पिल्लू आहे की फांदीची गाठ?"

म्हणून सिस्टर नवऱ्यासोबत कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्या. विचारत होत्या त्या, आणि दुकानदार उत्तरं देत होता नवऱ्याला. "साहेब, लांबचं टिपायला मोठी लेन्सच लागेल. मॅडमना पेलेल का?" रोज जाडजूड पेशंटांना कुशीवर वळवणाऱ्या मॅडमनी ती लेन्स एका हाताने उचलली. मग दुकानदाराने लेन्सच्या तोंडावर एक गोल काच फिरवून बसवली. "ही आमच्याकडून फुकट. लेन्सवर ओरखडा येणार नाही."

पुढचे तीन दिवस एकूण एक फोटो धूसर. श्वास रोखून पाहिला, भिंतीला टेकून पाहिलं. दुकानात फोन केला, तर तो मेला पुन्हा साहेबांशीच बोलला, "लेन्स उत्तम आहे. मॅडमचा हात हलत असेल." आणि साहेबांनी फोनवर मान डोलावली, वर सिस्टरांना म्हणाले, "तुझा हात हलतो!" मग सिस्टरांनी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, बटणालाही हात न लावता टायमरवर फोटो काढला. तोही धूसर.

"आता कुणाचा हात हलला? ट्रायपॉडचा?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने पेपर वर केला.

रविवारी सकाळी त्या गोल काचेवर दव बसलं. पुसायला म्हणून सिस्टरांनी ती फिरवून काढली, आणि नेमकी तेव्हाच पिल्लं ढोलीच्या तोंडाशी आली. काच परत बसवायला वेळ कुठला? तसंच बटण दाबलं. पडद्यावर पीस न् पीस मोजता येत होतं. म्हणजे सगळी माती केली होती त्या फुकटच्या काचेने, आणि बोल लागला होता हाताला.

सोमवारी व्यवस्थापकांनी तीन पिल्लं बोटाने मोजली आणि ती उडून जाईपर्यंत झाड तोडायचं थांबवलं. वर म्हणाले, "कॅमेरा भारी आहे हां तुमचा."

त्याच दुपारी नवरा साखर तपासायला आला. बाही वर करून खुर्चीत बसला आणि नेहमीसारखा म्हणाला, "अगं, दुखणार नाही ना?"

सिस्टरांनी सुई उजेडात धरली. "काय सांगावं. माझा हात हलतो."

त्याने घाबरून सुईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाही हलत."

"मोठ्याने बोला. बाहेर रांग आहे."

"नाही हलत तुझा हात," तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला.

तेव्हा कुठे सुई शिरेत गेली. पहिल्याच टोचणीत.