हात जाईल तिथे दांडी

फायबरच्या बोटीला भोक पाडायचं म्हणजे आधी डोकं शांत पाहिजे, आणि आमच्या घरात नेमकं तेच कुणाचं नसतं. लाकडाचं चुकलं तर खुंटी ठोकून बुजवता येतं. फायबरचा वरचा चकचकीत थर तडकला, तर तोही बुजवता येतो, पण कुठे बुजवलाय ते मला कळतं ना! म्हणून माझ्या हातात ड्रिल असताना शेजारी कुणी बडबडलेलं मला खपत नाही. आणि त्या आठवड्यात आमचे हे माझ्या डोक्याशी उभे राहून अखंड बडबडत होते.

बोट ताईंची. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांची नजर कडेकडेने जात चाललीय. समोरचं, लांबचं दिसतं, नळीतून बघावं तसं. बाजूचं आणि पायाजवळचं काही नाही. बरोबर कुणी असल्याशिवाय पाण्यात जायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं. पण सुकाणू सोडून बोटीच्या टोकापर्यंत आपलं आपण जायचं आणि धक्क्याला बोट आपल्या हाताने बांधायची, हा हट्ट. मागच्या महिन्यात अशाच पुढे जाताना त्या पडल्या, गुडघा फुटला, आणि यांनी जाहीर केलं, बोट विकायची.

"बाळ्या, बोट माझी आहे," ताई म्हणाल्या. टक्कल पडलेल्या माणसाला बाळ्या म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

"आणि गुडघा कुणाचा आहे?" हे म्हणाले.

दोघं सख्खी भावंडं, कोण माघार घेणार? शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, मी बोटीला धरायच्या दांड्या लावते. रविवारी ताईंनी कुणाचा हात न धरता टोकापर्यंत जायचं आणि बोट बांधून दाखवायची. जमलं तर यांनी पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर ताईंनी मुकाट्याने बोट द्यायची. ताई लगेच हो म्हणाल्या. मग माझ्या लक्षात आलं, बाई गं, हे सगळं आता माझ्या बोल्टांवर आलं की! पण घाबरले नाही. बोटींना खुंटे, कड्या, दांड्या लावण्यात माझी अर्धी हयात गेलीय, आणि मी लावलेलं अजून एकही निखळलेलं नाही.

बोट शेडमध्ये स्टँडवर चढवली. हे मोजपट्टी घेऊन हजर. दोन्ही बाजूंना सारखं अंतर, सारखी उंची, कशी देखणी दिसेल! मी मोजपट्टी काढून घेतली आणि ताईंना वर चढवलं. "डोळ्यांनी शोधू नका. चालायला लागा, आणि आधार लागला की हात टाका." त्यांचा हात जिथे जाईल तिथे मी कागदी टेप चिकटवत गेले. एवढं झाल्यावर ड्रिल उचललं, आणि तिथेच अडले.

शेडमध्ये बोट ढिम्म उभी होती. पाण्यात ती अशी उभी राहते थोडीच! पाय टाकला की त्या अंगाला कलते, आणि माणसाचा हात भलतीकडेच जातो.

"अहो, बोट पाण्यात घ्या."

"आत्ता? अगं, सकाळीच तर बाहेर काढली!"

"सकाळी मी गाढव होते. घ्या पाण्यात."

पाण्यात ताई पुन्हा चालल्या. माझ्या प्रत्येक टेपेपासून त्यांचा हात चांगला वीतभर चुकला. मी जुन्या टेपा फाडल्या, नव्या लावल्या. दुखऱ्या गुडघ्यामुळे डावं पाऊल आखूड पडत होतं, त्यामुळे डावीकडच्या खुणा मागे आणि उजवीकडच्या पुढे आल्या.

"हे फार तिरकं दिसेल हं," हे कुरकुरले.

"दिसू द्या! जिच्यासाठी लावतेय तिला कुठे दिसतंय?"

तोंडातून शब्द गेला आणि मी जीभ चावली. ह्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात ताई अशा खदाखदा हसल्या की बोट हलायला लागली. "हिला कुठून आणलंस रे बाळ्या? लाख बोललीस, बाई."

मग बोट परत शेडमध्ये आली आणि खरं काम सुरू झालं. या बोटीच्या डेकला वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये मऊ लाकडाचा थर आहे. नुसतं भोक पाडून बोल्ट ठोकला की पाणी आत झिरपतं, लाकूड आतल्या आत कुजतं, आणि एक दिवस दांडी हातात येते. म्हणून आधी मोठं भोक पाडायचं, कडेचं लाकूड खरवडायचं, पोकळीत रेझिन भरायचं, ते दगडासारखं झालं की त्यातूनच बोल्टापुरतं भोक घ्यायचं. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवायचं, म्हणजे वरचा थर तडकत नाही. यातली एकही पायरी मी कुणाच्या घाईसाठी गाळलेली नाही.

बोल्टाखाली आतून स्टीलची पट्टी बसवायची होती, आणि आत जायला पुढच्या कप्प्यात सरपटावं लागतं. मी यांना आत घातलं. मी वरून बोल्टाचं डोकं धरणार, हे आतून नट फिरवणार. बोल्ट फिरला तर पाणी अडवायला त्याच्याभोवती भरलेलं सीलंट फाटतं, फिरवायचा तो नटच.

"झाला घट्ट," आतून आवाज आला.

"अजून."

"अगं, पाना वाकेल!"

"अहो, तुमच्या सख्ख्या बहिणीचा भार पडणार आहे याच्यावर. अजून!"

मग नट आणखी थोडा फिरलेला मला वरून जाणवला. त्यानंतर प्रत्येक नटावर, मी न सांगता, तेवढाच जास्तीचा जोर लागत गेला. दांडीखालचं सीलंट सगळीकडून सारखं बाहेर आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सीलंट वाळल्यावर मी एकेका दांडीला पूर्ण अंगाने लोंबकळले. आणि मी काही काडी नाही.

रविवारी मी आणि ताई बोटीत, हे धक्क्यावर हाताची घडी घालून. ताईंनी मोठी फेरी मारून बोट धक्क्याशी आणली, सुकाणू माझ्या हातात दिलं, आणि गळ्यातला रुमाल काढून डोळ्यांवर बांधला.

"ताई, हे काय चाललंय?" हे ओरडले. "असं ठरलं नव्हतं!"

"डॉक्टर म्हणालेत, उरलंय तेही जाणार. तेव्हा काय पुन्हा परीक्षा घेशील? एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मला हे माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, चेहऱ्यावरूनच कळलं. पण मी सुकाणू सोडलं नाही. दांड्यांची मला खात्री होती.

ताईंनी पाय टाकला, बोट कलली, हात गेला. दांडी तिथेच होती. दुसरं पाऊल, दुसरी दांडी. मध्येच एक लाट बोटीखालून गेली, ताई अख्ख्या झोकांडल्या, आणि ह्यांचे दोन्ही हात पुढे आले.

"अहो, हात मागे!" मी खेकसले.

ताईंचा तळवा खाडकन दांडीवर पडला. सगळा भार एका हातावर. दांडी हूं की चूं नाही. त्या सरळ झाल्या, टोकाला पोचल्या, चाचपून दोर उचलला, धक्क्याचा खांब हाताने शोधून त्याला वेढा दिला, आणि दोर ओढून बोटीच्या खुंट्याला असा आवळला की बोट जागच्या जागी थांबली.

मी इंजिन बंद केलं. ताई रुमाल न सोडताच टोकावर बसल्या.

"सोड ना गं आता तो रुमाल," हे म्हणाले.

"थांब रे. दोन वर्षं मला ही बोट तुकड्यातुकड्यानेच दिसायची. आज अख्खी दिसली."

माझा नवरा चारचौघांत रडणारा माणूस नाही, पण रडला. बाहीने तोंड पुसलं आणि दांडी धरून सावकाश बोटीत उतरला.

"ताई," तो म्हणाला, "मी कुठे बसू?"