गोड आवाजाची भीती

दचकू नका, मी बोलतोय. कुत्रा. दचकायचं काम या घरात माझ्याकडे आहे आणि ते मी इतकं मन लावून करतो की दुसऱ्या कुणाला त्यात वाव मिळत नाही.

दाराची बेल वाजली की मी टेबलाखाली. कुणी छत्री उघडली की टेबलाखाली. टोपी घातलेला माणूस नुसता समोरून गेला तरी माझी शेपूट पोटाला चिकटते. पण या सगळ्या किरकोळ भीती. माझी खरी भीती एकच आहे, ती म्हणजे माणसांचा गोड आवाज. हसू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका गॅरेजच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगात झाला. आईच्या अंगाला ऑइलचा वास यायचा, तिची तेवढीच आठवण आहे. एकदा ती रस्ता ओलांडून गेली ती परत आलीच नाही. मग कुणीतरी मला उचलून प्राण्यांच्या शेल्टरमध्ये नेऊन सोडलं. तिथे जाळीचे पिंजरे, पाइपने धुतलेली ओली फरशी आणि सगळ्यांचं मिळून एकच भुंकणं. शेल्टरच्या ताई चांगल्या होत्या, पण त्या एकट्या आणि आम्ही पिंजरेभर.

तिथून मला पहिल्यांदा एका तरुण जोडप्याने घरी नेलं. चपला कुरतडल्या म्हणून ते ओरडायचे, सोफ्यावर चढलो म्हणून ओरडायचे. पण एके दिवशी सकाळी दोघंही एकदम बदलले. "सोन्या काय, राजा काय, बिस्कीट हवं का माझ्या बाळाला!" कानामागे खाजवलं, गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. माझा आनंद गगनात मावेना. गाडी थांबली ती शेल्टरच्या फाटकाशी. घरात बाळ येणार होतं म्हणे, कुत्रा परवडणारा नव्हता.

दुसऱ्या घरी एक कारकून एकटाच राहायचा. घरमालकाने कुत्र्याला हरकत घेतली. तीच गत. तोच गोड आवाज, तीच बिस्किटं, तेच फाटक. दुधाने तोंड पोळलं की माणसं ताकही फुंकून पितात. मी तर तेव्हापासून कुणी "बाळा" म्हटलं की थरथर कापतो.

तिसऱ्यांदा आले ते एक बस ड्रायव्हर आणि त्यांची बायको. तिला सगळे काकू म्हणतात, ती घरी पडदे शिवून देते. त्यांच्याकडे दोन कुत्रे होते. त्यातला एक म्हातारा होऊन गेला आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या कुत्रीने अन्न टाकलं. दिवसभर दाराकडे तोंड करून पडून राहायची. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, हिला सोबत आणून बघा. म्हणून मी. थोडक्यात, त्या घरात मी कुत्रा म्हणून गेलोच नाही, औषध म्हणून गेलो.

"महिनाभर बघतो," ड्रायव्हर शेल्टरच्या ताईंना म्हणाले. "तिचं याच्याशी जमलं तर ठीक. नाही जमलं तर आणून सोडतो."

हे मी कान टवकारून ऐकलं होतं. गाडीत काकू वाटभर मला कुरवाळत होत्या. "घाबरू नको रे माझ्या राजा, घाबरू नको." त्या राजा म्हणाल्या आणि मी सीटवर शू केली.

"अरे गाढवा!" ड्रायव्हर पुढून गरजले. "सीटवर? कालच कव्हर धुतलं होतं!"

खरं सांगतो, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. ज्याला परत सोडायचंय त्याच्यावर कुणी ओरडत नाही, हे मला दोन घरांनी शिकवलं होतं. त्या दिवसापासून माझं नावच गाढव पडलं. कुत्र्याचं नाव गाढव! पण मला ते फार आवडतं.

म्हातारीला ड्रायव्हर 'बाईसाहेब' म्हणायचे. ती दारात आडवी पडली की बसमध्ये म्हणावं तसं म्हणायचे, "बाईसाहेब, जरा आत सरका, मागे गर्दी झालीय." कापड कापायच्या टेबलाखाली कातरणांचा ढीग साचायचा, त्यावर ती झोपायची. मी आत पाऊल टाकलं आणि ती ओठ वर करून गुरगुरली. माझी बोबडीच वळली. मी शिवणयंत्राच्या मागे घुसलो आणि तिथेच राहिलो.

काकूंनी हौसेने आमची दोन भांडी शेजारी शेजारी मांडली. एकत्र जेवले की आपोआप गट्टी जमते, असा त्यांचा हिशोब. तिने तोंड लावलं नाही. तिच्या शेजारी उभं राहायची माझी छाती नव्हती, म्हणून मीही लावलं नाही. आता एकाऐवजी दोन कुत्रे उपाशी.

"अहो, हे औषधच आजारी निघालं की," काकू म्हणाल्या.

"बघू अजून थोडे दिवस," ड्रायव्हर म्हणाले. आवाज जरा मऊ होता. मला रात्र रात्र झोप येईना.

मग एका दुपारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पडद्यांच्या सगळ्या दांड्या घसरून फरशीवर कोसळल्या. केवढा तो आवाज! मी डोळे मिटून धावलो आणि जिथे घुसलो ती जागा मऊ होती, उबदार होती आणि गुरगुरत होती. मी थेट बाईसाहेबांच्या कुशीत शिरलो होतो. आता ही मला फाडणार, असं समजून मी मान खाली घातली. ती गुरगुरत राहिली. पण हलली नाही. आणि गुरगुरता गुरगुरताच तिने आपली हनुवटी माझ्या पाठीवर टेकवली.

तेव्हा मला तिचं गुरगुरणं समजलं. त्यात गोडवा नव्हता आणि फसवणूकही नव्हती. ही माझी जागा, ती तुझी, इतकंच ती सांगत होती. तुझी जागा! असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने ती उठली, रांगोळी विस्कटावी तशी कातरणं उडवत बाहेर गेली आणि माझ्या भांड्यातलं सगळं फस्त करून टाकलं. स्वतःचं नाही, माझं! केवळ खुन्नस म्हणून. मग मी भीत भीत तिचं खाल्लं. काकूंनी पायडलवरचा पाय उचलला, पदराने डोळे पुसले आणि हसायला लागल्या. पुढे कायम तसंच चाललं. ती माझ्या भांड्यात, मी तिच्या. महिना संपला तेव्हा ड्रायव्हरनी फोनवर ताईंना सांगितलं, "गाढव राहू दे आमच्याकडेच."

तुम्हाला वाटेल, संपली याची भीती. छे! उलट मोठी झाली. बाईसाहेब म्हाताऱ्या होत्या. ती खोकली की मी ताडकन उठून बसायचो. रोगीच राहिला नाही तर औषधाचं काय करतात, हे मला ठाऊक होतं. ड्रॉवरमधल्या जुन्या बाटल्या काकू फेकून देतात, ते मी पाहिलं होतं. म्हणून मी तिच्या आधी उठायचो, तिचा श्वास ऐकायचो आणि मगच आळस द्यायचो.

एका सकाळी मी श्वास ऐकायला गेलो, तर तो नव्हता.

त्यानंतर घरात मला कुणी रागावेना. ड्रायव्हर कामावरून यायचे आणि बूट न काढताच बसून राहायचे. दारात आता गर्दी नव्हती, तरी ते जरा थांबून आत यायचे. मला खाणं जाईना, कारण माझं भांडं तिचं होतं आणि तिचं रिकामं भांडं माझं. शेवटी मी जिवावर उदार होऊन ड्रायव्हरांचा ड्युटीचा बूट कुरतडला. चांगला टाच निघेपर्यंत. म्हटलं, आता तरी ओरडतील. त्यांनी बूट उचलून पाहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे."

असू दे! मी समजून चुकलो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "चल बाळा, जाऊन येऊ." काकूंच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. मी गाडीत चढलो, कारण पळून जायचं तरी कुठे? खिडकीतून वास यायला लागले. आधी पेट्रोल पंप, मग लाकडाची वखार, मग ओली फरशी आणि तेच भुंकणं. फाटक दिसलं. मी सीटखाली घुसलो, नखं रोवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसावर दात विचकले.

"अरे गाढवा!" ड्रायव्हर एवढ्या जोरात ओरडले की शेल्टरमधलं भुंकणं क्षणभर थांबलं. "उतर की खाली! बाईसाहेब गेल्यापासून अन्नाला तोंड लावत नाहीस. तुला सोबत बघायला आलोय, आम्हाला काय हौस आलीय? पसंत तू करायची आहेस. चल!"

मी रोवलेली नखं सोडली. त्यांनी मला काखेत धरून उतरवलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज चांगला खणखणीत होता.

शेवटच्या पिंजऱ्यात एक आखूड शेपटीची भुरी कुत्री कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती. मी जाळीपाशी बसलो तो उठलोच नाही. येताना काकूंनी तिला मांडीवर घेतलं आणि सुरू झाल्या, "घाबरू नको गं माझी राणी." राणी लटलट कापायला लागली. मला तिच्या पोटातलं सगळं कळत होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बाईसाहेबांसारखा, ओठ वर करून, गुरगुरलो. तिने मान वर करून पाहिलं. कापणं थोडं कमी झालं.

मी अजूनही भितो. बेलला, छत्रीला, टोपीला. ड्रायव्हर मायेने बोलले की आजही आधी दाराकडे बघतो. तुमच्या घरी असा कुणी परतून परतून आलेला जीव आलाच, तर हात जोडून सांगतो, लाड सावकाश करा. आधी त्याला एकदा सणसणीत रागवा, आणि दुसऱ्या दिवशी तो तुमच्याच घरी असू द्या.

आता मला उठू द्या. भुरी पहिल्यांदाच कातरणांवरून उठलीय आणि सरळ माझ्या भांड्यात तोंड घालतेय. जरा गुरगुरून येतो.