दोन तासवाली

तिकिटं काढून देणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात तिला सगळे ‘दोन तासवाली’ म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत ती सांगून मोकळी व्हायची, "अहो, दोन तासांत पोचाल!" तिच्या हिशोबात फक्त आकाशातला वेळ असे. घरापासून विमानतळ, तिथल्या रांगा, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी, हे ज्याचं त्यानं बघून घ्यावं. खरं सांगितलं की गिऱ्हाईक बिचकतं. ही सवय इतकी अंगात मुरली होती की धाकट्या भावाचा फोन आला तेव्हाही तोंडातून तेच गेलं.

"ताई, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आजच करायचं म्हणतायत. कधी येतेस?"

"दोन तासांत आलेच! सांग त्यांना."

त्या शहाण्यानं तसंच्या तसं सांगितलं.

आता दोन तास केव्हाच उलटून गेले होते आणि ती अजून आपल्याच शहरात, विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत होती. पुढचे गृहस्थ खिशातून एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये ठेवत होते. किल्ल्या, चष्मा, मग दुसरा चष्मा. त्यांना ढकलून पुढे जावं असं तिला वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस तू? बाबा आत जायला तयार नाहीत. घड्याळ उशाशी घेऊन बसलेत. पोरीला बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. डॉक्टर वैतागलेत गं."

"अरे, समजाव ना त्यांना!"

"काय समजावू? ती त्याच धंद्यातली आहे, तिचा शब्द चुकायचा नाही, हे पालुपद चालू आहे."

बाबांनी जन्मभर बस चालवली, पण पोचायची वेळ कधी कुणा प्रवाशाला सांगितली नाही. "पोचलो की पोचलो," एवढंच म्हणायचे. अशा माणसानं तिच्या थापेवर जीव टांगून ठेवला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

विमानात जागेवर बसताच तिनं भावाला फोन लावून बाबांना द्यायला सांगितलं.

"बाबा, आले मी. खाली दारात आहे."

"मग वर ये की."

"वर सोडत नाहीयेत हो. तुम्ही आत जा. बाहेर याल तेव्हा मी समोर असेन. अगदी समोर."

"दमलीस का गं?"

"नाही हो. तुम्ही जा आधी, माझं ऐका."

नेमकी तेव्हाच डोक्यावरच्या स्पीकरवरून घोषणा सुरू झाली. खुर्च्या सरळ करा, फोन बंद करा. तिनं घाईनं फोनवर हात दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पलीकडे बाबांनी सगळं ऐकलं असणार. आता हट्टाला पेटणार, या भीतीनं तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"बाबा?"

"अगं, ऐकतोय." मग ते भावाला म्हणाल्याचं तिला ऐकू आलं, "डॉक्टरांना सांग, पोरगी आली. चला आत."

"बाबा, मी..."

"आलीस ना? झालं तर मग. आता फोन ठेव," ते म्हणाले, "आणि पट्टा बांध."

तिनं पट्टा हातात घेतला. डोळे इतके भरून आले होते की त्याचं दुसरं टोक तिला दिसेना.