चार वाजताचं पान

माझे सासरे, भाई, तारकर्लीत दोन खोल्यांत पाहुणे उतरवतात. पाहुण्यांच्या गाडीवर साधं पान पडलं तरी भाईंचा जीव खालीवर. म्हणून अंगणात पत्र्याची शेड ठरली, आणि तीही नेमकी माझ्या जास्वंदीच्या डोक्यावर. लग्नात आईने हाती दिलेली ती फांदी आता माझ्यापेक्षा उंच झाली होती.

"भाई, सावळेत मरतली ती," मी म्हटलं.

"मरतली कशाक? शेण घालतंय, पाणी घालतंय. झाड काय उजेड खाता?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे ऐकून गप्प बसणं मला कुठलं जमायला! पैज ठरली : पान उजेडावर जेवतं हे डोळ्यांना दाखवलं, तर शेड विहिरीकडे जाईल. वेल्डर सुदेश रविवारी पाच वाजता येणार होता.

शनिवारी संध्याकाळी मी दोन पानांवर काळ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या. रविवारी पहाटे भाई पूजेची फुलं काढायला निघाले, तेव्हा त्यांनाच त्यातलं एक पान आणायला सांगितलं. परडीतून आलेलं ते पान मी पाण्यात उकळलं, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीतल्या स्पिरिटमध्ये बुडवून त्याचा हिरवा रंग काढला आणि वर आयोडीन टाकलं. जिथे स्टार्च, तिथे निळं-काळं व्हायला हवं. पान सगळंच तपकिरी. भाईंनी हसू मिशीत दाबलं, आणि मला रडूच आलं.

दहाला भाई पाटावर बसले. "पेज वाढ गो. पहाटेपासून पोटात काय नाय."

माझ्या हातातली पळी थांबली. पानाचंही तेच झालं होतं की!

पानाच्या पेशींत हरितलवकं नावाचे बारीक हिरवे दाणे असतात. त्या पानाच्या चुली. ऊन मिळालं की तिथे पाण्याचे रेणू फुटतात, प्राणवायू बाहेर जातो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर होते. लगेच न लागणारी साखर स्टार्च होऊन तिथेच साठते. रात्री चुली बंद, मग झाड त्या साठ्यावर भागवतं. पहाटे डबा रिकामा, आणि मी शहाणी त्यातच जेवण शोधत बसले होते.

दुसरं पान दिवसभर उन्हात राहू दिलं आणि चारला तोडलं. पुन्हा तेच उकळणं, तेच स्पिरिट. सुदेश पत्रे उतरवू लागला, तेव्हा मी बशी भाईंसमोर धरली. पान निळं-काळं झालं होतं आणि मधोमध कागदाची पट्टी होती तेवढाच भाग फिकट.

भाईंनी चष्मा पुसला, बशी दोनदा फिरवली. "ह्या मधला उपाशी रवला?"

"होय. थंय ऊन पोचला नाय."

सुदेशने जास्वंदीच्या बुंध्याशी पहार टेकवली.

"रे सुदेश, खांब विहिरीकडे घाल."

"कित्याक? हय जागा बरी आसा."

"हय ती जेवता," भाई म्हणाले आणि तिच्यावर पडलेली आपली सावली बघून दोन पावलं बाजूला झाले.