धुतलेल्या जेटमधली सुई

मी भंगारात गेलेल्या एका गाडीचा जुना कार्बुरेटर आहे. गाडी गेली, मी कपाटात उरलो. मित्रांनो, हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते इंजिनासाठी मी ठरवत असे. थोडक्यात, मी गाडीचा स्वयंपाकी. गाडी पळाली की कौतुक इंजिनाचं, अडली की शिव्या मला.

बाबांच्या गाडीत मी वर्षानुवर्षं राबलो. मग बाबांचे गुडघे गेले, गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि माझ्या पोटातलं पेट्रोल वाळून त्याचा गोंद झाला. कुणी फिरकलंसुद्धा नाही. शेवटी थोरला मुलगा म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावतो."

"मी चालू करून दाखवतो," धाकटा म्हणाला.

बाबा हसले. "तू? बरं, बघ रविवारपर्यंत. झाली चालू तर ठेवू."

गाडी राहो न राहो, धाकट्याला तो 'तू?' खोटा पाडायचा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्याने मला खोललं. पुठ्ठ्यावर माझं चित्र काढून ज्या त्या जागी जो तो स्क्रू खोचला. अंगावरचा गोंद पेट्रोलने धुतला. जेट म्हणजे माझा पितळी तुकडा, त्याच्या बारीक छिद्रातून पेट्रोल मापात जातं. तो त्याने नुसता भिजवला आणि फुंकला, पुन्हा भिजवला, पुन्हा फुंकला. ओठांना पेट्रोल लागत होतं, तरी स्वारी खुशीत होती. इतकी माया मला कारखान्यातही मिळाली नव्हती.

मग तो नवीन पॅकिंग आणायला बाजारात गेला आणि थोरला टेबलापाशी आला. धाकट्याच्या कामात नाक खुपसायची त्याला लहानपणापासूनची खोड. त्याने जेट उजेडात धरला. "याला काय धड साफ करता येतंय," असं पुटपुटत त्याने शिवणाच्या डब्यातली सुई काढली आणि छिद्रात घालून गरागरा फिरवली. पितळ मऊ असतं. छिद्र केसभर रुंदावलं. सुई डब्यात परत गेली आणि थोरला हात धुवायला गेला. धाकटा बाजारातून आल्यावर थोरल्याने त्याला काहीच सांगितलं नाही. धाकट्याने मला जोडून गाडीत बसवलं.

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. धाकट्याने सेल्फ मारला. मला धरवेना, नको इतकं पेट्रोल मी इंजिनात ओतलं. गाडीने ठसके दिले, काळा धूर सोडला आणि ती बंद पडली. बॅटरी बसेपर्यंत धाकटा सेल्फ मारत राहिला. बाबा खोकत उतरले.

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले.

थोरल्याने धूर पाहिला. सुई त्याला आठवली असणारच. मग म्हणाला, "मी सांगत होतो, त्याला नाही जमायचं."

धाकट्याने मला पुन्हा उतरवून खोललं. पण केसभराचा फरक डोळ्याला दिसत नाही. तो स्वतःचीच चूक शोधत बसला, तोवर गाडी भंगारवाल्याने नेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि साक्षीदार कोण, तर मी, तोंड नसलेला.

परवा नळ गळत होता. पाना समोर पडलेला असून धाकटा जागचा हलला नाही. "दादाला सांगा," म्हणाला, "माझ्या हाताला यश नाही."

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. जेट बाजारात दुसरा मिळतो. पण कुणी मन लावून काम करत असेल, तर त्याच्या माघारी त्यात सुई घालू नका. घातलीच, तर निदान बोला. थोरल्याला तोंड होतं.