फळीवरचा कूलर

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकड्या मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे गाडी उभी करायला जागा, मागे राहतं घर. शेडच्या आतल्या भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली आहे. त्या फळीवर, जुन्या हेडलाइटांच्या मागे, पुठ्ठ्याचा एक खोका दोन वर्षं सात महिने न उघडता पडून होता.

खोक्यात गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर होता. तो काकड्याच्या मुलाने, नितीनने मागवला होता. नितीन २०२३च्या एप्रिलमध्ये अच्छाडजवळ हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर आठ दिवसांनी कुरिअरवाला खोका घेऊन आला. काकड्याने सही केली आणि खोका फळीवर ठेवला. पहिलं वर्षभर तो उघडायला हात धजला नाही. पुढे न उघडण्याचं कारण बदललं.

ज्या गाडीसाठी कूलर मागवला होता, ती आधी नितीनच्या मुंबईच्या शेठची होती. शेठला डोंगरात गाड्या चढवायचा नाद होता आणि नितीन त्याचा ड्रायव्हर होता. नवी गाडी घेतल्यावर शेठने जुनी नितीनला देऊन टाकली. उंच टायरची, चारही चाकं ओढणारी, ऑटोमॅटिक गिअरची गाडी. नितीनने बायकोला, दक्षाला, ती चालवायला शिकवली. तो गेल्यावर गाडी दक्षाकडेच राहिली.

दीड वर्षाने दक्षाने सायवनच्या वरच्या पाड्यातल्या जिव्याबरोबर घर केलं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. तरुण बाईने एकटं बसून राहावं अशी त्यांच्यात रीत नाही. काकड्या आणि बायजी दोघांनीही हो म्हटलं. दक्षा गेली, तिच्याबरोबर गाडी गेली आणि नितीनची मुलगी निलमही गेली. निलम तेव्हा पाच वर्षांची होती.

तेव्हापासून एक बारीकशी गोष्ट झाली. दक्षा बायजीला पूर्वीसारखं आई म्हणायची, पण काकड्याला काही हाक मारेनाशी झाली. आधी ती त्याला बाबा म्हणायची. आता समोर येऊन उभी राहायची आणि बोलायला लागायची.

सायवनच्या वरच्या पाड्याला जाणारे शेवटचे चार किलोमीटर कच्चे आणि उभ्या चढाचे आहेत. जिव्या आणि दक्षा त्या वाटेने पाड्यातली माणसं, भाताची पोती, शनिवार-रविवारी मुंबईचे हौशी पर्यटक अशी ने-आण करत. भरलेली गाडी चढाला मुंगीच्या पावलाने चालते, जोर सगळा गिअरबॉक्सवर येतो, तेल तापतं. करपल्याचा वास येतो, इंजिन गुरगुरतं आणि गाडी जागची हलत नाही. मग तासभर थांबायचं. असं झालं की दक्षा गाडी काकड्याकडे आणायची. चार-पाच आठवड्यांनी एक फेरी ठरलेली.

काकड्या गिअरबॉक्सखालचं पॅन, म्हणजे तेलाची थाळी, उघडून तेल काढायचा आणि नवं भरायचा. पॅनमधून निम्मंच तेल निघतं. निम्मं आत राहतं आणि नव्याला लवकर काळं करतं. शिवाय तेल बदलल्याने तापणं थांबत नाही. हे त्याला ठाऊक होतं. गरम तेल लगेच काढता येत नाही, असंही तो सांगायचा. तासाभरात काढता येतं. तो तीन तास सांगायचा.

त्या तीन तासांत निलम शेडमध्ये असायची. काकड्याने तिच्यासाठी ट्रकच्या चाकातलं एक मोठं बेअरिंग रॉकेलने धुऊन ठेवलं होतं. ती ते बोटावर धरून फिरवायची आणि थांबेपर्यंत आकडे म्हणायची. तिचा विक्रम एकेचाळीसचा होता. बायजी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, चिंचणीच्या कोळणीकडून घेतलेले सुके बोंबील भाजायची. चार वाजता गाडी निघायची. काकड्या रस्त्यापर्यंत जायचा आणि वळण येईपर्यंत उभा राहायचा.

यंदा नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दक्षा आली ती पंधरा दिवसांतच. जिव्या भात झोडायला मागे थांबला होता. निलम पुढच्या सीटवरून उडी मारून उतरली.

बायजी दारातूनच म्हणाली, "काय गं दक्षा, जिव्या खायला घालतो का नाय? गळ्याची हाडं मोजून घ्यावी अशी झालीस."

"कापणी चालू आहे आई. या दिवसांत कोण जाड होतं?"

"मी होते. विचार यांना."

"ती बाराही महिने होते," काकड्या गाडीखालून म्हणाला. तो आधीच आत सरकला होता.

दक्षा वाकून बोलू लागली. "या वेळी काहीतरी दुसरं बघा. तेल बदलून बदलून गाडी नुसती तेल पिते. जिव्या म्हणतो, बैल घेतला असता तर निदान शेण तरी मिळालं असतं."

काकड्या हसला. तेवढ्यात निलम त्याच्या पायांशी येऊन बसली. बेअरिंग तिच्या हातात होतं.

"आजा, गाडी चढावर बंद पडली ना, तेव्हा मला जिव्याबाबाने खांद्यावर नेलं."

"कुठे नेलं?"

"दवाखान्यात. मला ताप होता. मी उलटी केली, त्याच्या डोक्यावर." तिला हसू आलं. "तो ओरडला नाही. आई मागून पळत होती."

काकड्याने पाना खाली ठेवला. "कधी झालं?"

"गेल्या सोमवारी," दक्षाने सांगितलं. "हिला घेऊन खाली दवाखान्यात निघालो, वाटेत दोन पोती नदीशी उतरवली, मग आठवलं की हिच्या दवाखान्याच्या कागदांची पिशवी घरीच राहिली. परत चढलो. गाडीने मधेच सोडलं. तासभर कोण थांबणार? अंग भाजत होतं पोरीचं. जिव्याने उचललं आणि डांबरी रस्त्यापर्यंत चालत सुटला. तिथून रिक्षा मिळाली." तिने निलमच्या कपाळाला हात लावला. "मलेरिया होता. आता बरी आहे."

निलम आकडे म्हणू लागली. सव्वीसवर बेअरिंग थांबलं. काकड्या गाडीखालून बाहेर आला, शेडमध्ये गेला आणि हेडलाइट बाजूला करून त्याने खोका खाली काढला. अंगावरच्या गंजीने त्यावरची धूळ पुसली.

"हा बसवू," तो म्हणाला. "मग तापणार नाय."

दक्षाने खोका हातात घेतला. वरच्या चिठ्ठीवरची छपाई उडत आली होती. नाव वाचता येत नव्हतं. खालचा फोन नंबर येत होता. तो तिला पाठ होता.

"बाबा, हा नंबर त्याचा."

"हो."

"कधी आला हा?"

"तो गेल्यावर. आठ दिवसांनी."

 सायवनला गेल्यापासूनच्या तेरा महिन्यांत आपण किती वेळा येऊन गेलो, हे तिने मनात मोजलं असावं. चेहऱ्यावर तसं काही आलं नाही. ती पायरीवर बसली, खोका मांडीवर घेतला आणि किल्लीच्या टोकाने चिकटपट्टी कापली.

आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, पाटीएवढा कूलर होता. त्याला आधीच पक्की जोडलेली रबरी नळी, बरोबर नळी आवळायचे चार क्लॅम्प आणि एक छोटा पंखा. काकड्याने पंखा उचलून उलटसुलट पाहिला. हायवेवर पळणाऱ्या गाडीला पंखा लागत नाही, समोरचा वारा पुरतो. चढावर मुंगीच्या पावलाने जाणाऱ्या गाडीला वारा नसतो. नितीनने पंख्यासकट मागवला होता. म्हणजे त्याने चढाचाच विचार केला होता.

काम साडेअकराला सुरू झालं. पुढची जाळी काढली. रेडिएटरच्या पुढे कूलर धरून पाहिला, जागा होती. कंपनीने जाळीतून ओवायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिल्या होत्या. काकड्याने त्या फेकल्या. धक्के बसून त्या पट्ट्या कूलरला घासतात आणि एक दिवस भोक पाडतात. त्याने लोखंडी पट्टी कापून चार कान केले, मधे जुन्या ट्यूबचं रबर दिलं आणि बोल्टने कूलर पक्का केला.

गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे दोन नळ्या येतात. एकीतून गरम तेल जातं, दुसरीतून परत येतं. कूलर परतीच्या नळीवर लावायचा असतो. काकड्याने रेडिएटरजवळची एक नळी सोडवली, तिचं टोक आणि रेडिएटरचं तोंड, दोन्हींखाली डबे धरले.

"स्टार्टर मार. दोन म्हणायच्या आत बंद कर."

दक्षाने मारला आणि बंद केला. रेडिएटरच्या तोंडातून तेल उडालं, नळीचं टोक कोरडं राहिलं.

"ही परतीची," काकड्या म्हणाला.

"लाल असतं ना तेल?" दक्षाने डब्यात पाहिलं. "हे तर चहासारखं आहे."

"निम्मं जुनं आत राहतं. पॅनमधून सगळं निघत नाय." एवढं बोलून तो नळी कापायला वळला. "आज सगळं काढू."

त्याने नळीतूनच जुनं तेल थोडं थोडं बाहेर घेतलं आणि वरून नवं ओतत राहिला. डब्यात लाल धार पडेपर्यंत दोन तास गेले. कोणी घाई केली नाही. बायजीने भाकऱ्या तिथेच आणून दिल्या.

शेवटी क्लॅम्प राहिले. एका तोंडाला दोन-दोन, कारण एक सैल पडला तर दुसरा धरतो. तीन आवळून झाले. चौथ्याला स्क्रूड्रायव्हर लावून काकड्या थांबला. या क्लॅम्पचा जोडीदार नळीच्या अगदी टोकावर होता, त्याची पकड कमी होती. चौथा अर्धा फेरा सैल राहिला तर लगेच काही होणार नव्हतं. महिन्याभराने एखादा थेंब आला असता. जमिनीवर लाल डाग दिसला असता. दक्षा गाडी घेऊन आली असती.

निलम शेडच्या खांबाला टेकून पेंगत होती. तापानंतर तिचे गाल बसले होते.

त्याने अर्धा फेरा पूर्ण केला. मग टोकावरचा क्लॅम्प सोडवून आत सरकवला आणि पुन्हा आवळला. नंतर स्क्रूड्रायव्हर दक्षाच्या हातात दिला.

"पाचशे किलोमीटर झाले की चारही एकदा बघायचे. रबर बसतं, मग क्लॅम्प थोडा सैल होतो. असा धरायचा. इथवर. जास्त नाय, नळी कापते."

"इकडेच आणते की तेव्हा."

"यासाठी कशाला यायचं? पाच मिनिटांचं काम आहे. तुझं तू करशील."

दक्षाने चौथा क्लॅम्प तपासला. तो हलला नाही. "एवढा घट्ट?" ती म्हणाली. काकड्या साबणाने हात धुवायला गेला.

वजनासाठी गाडीत भंगाराची सहा पोती टाकून ते उधव्याच्या पुढच्या चढावर गेले. दक्षा चालवत होती, काकड्या शेजारी, निलम त्याच्या मांडीवर झोपलेली. चढाच्या मध्यावर पुढून पंख्याचा बारीक आवाज सुरू झाला. गाडी गुरगुरली नाही, वास आला नाही. वर पोचल्यावर काकड्याने इंजिन चालू ठेवून तेल मोजायची पट्टी ओढून हुंगली. कूलरमध्ये जाणाऱ्या नळीला हात लावला, मग बाहेर येणाऱ्या. जाणारी चटका देत होती. बाहेर येणाऱ्या नळीवर हात ठेवता येत होता.

"झालं," तो म्हणाला. पोती त्याने तिथल्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे उतरवली.

"घरी चला ना," दक्षा म्हणाली. "इथून अर्धा तास. जिव्याला भेटाल."

"बायजी एकटी आहे."

हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. सुनेने दुसरं घर केलं की पहिल्या सासऱ्याने त्या घरी कोण म्हणून जायचं, याची काही रीत ठरलेली नाही. गाडी त्याच्याकडे यायची तोवर हा प्रश्न पडला नव्हता. गाडी बिघडली की मिस्त्रीकडे येते, त्यात कोणाला काही विचारावं लागत नाही.

त्याने निलमला सीटवर नीट झोपवलं आणि परतीची एसटी धरायला तो उतरला. वळण येईपर्यंत उभा राहिला. चढ संपलेला असल्याने गाडी वेगाने दिसेनाशी झाली.

डिसेंबरच्या वीस तारखेला दक्षाचा फोन आला.

"पाचशे चाळीस झाले. चारही बघितले. एकाला पाव फेरा द्यावा लागला."

"तेल?"

"लाल आहे. नळी कोरडी. एक थेंब नाही." मागे कोणीतरी काही म्हणालं. "जिव्या सांगतो, आता बैल नको."

"छान," काकड्या म्हणाला.  "निलम?"

"शाळेत गेली."

फोन ठेवल्यावर बायजीने चुलीपुढून विचारलं, "काय म्हणते?"

"कोरडी आहे."

"म्हणजे नाय येत."

"कशाला येईल?"

बायजीने भाकरी उलटली. "नितीनच्या बा, मग तू जा."

"जाऊन काय करू?"

"क्लॅम्प बघ."

"क्लॅम्प तिने बघितले."

"परत बघ. नायतर नको बघू. पोरीला बघ आणि ये."

 रविवारी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला. निघताना सवयीने पान्यांची पिशवी उचलली. बायजीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. त्याने बेअरिंग तेवढं खिशात टाकलं.

साडेआठची उधव्याची एसटी आली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता. कंडक्टरने दार उघडून धरलं. "काय मिस्त्री, गाडी कुठे बंद पडलीय?"

"कुठे नाय," काकड्या म्हणाला.

"मग येताय का?"

त्याचा पाय उचलला गेला नाही. एसटी गेली. पुढची दहाला होती. तो मैलाच्या दगडावर बसला, बेअरिंग बोटावर चढवून त्याने फिरवलं आणि मनातल्या मनात आकडे म्हणू लागला.