फेटाळण्यात आला

"प्लीज, बसा," हॅल्वर्सनसाहेब आपल्या अमेरिकन इंग्रजीत आजही म्हणाले आणि दीनानाथ वही घेऊन आजही उभेच राहिले.

राजभवनात अडतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढल्यावर राज्यपालांसमोर बसायचं कसं? मग ते अमेरिकेतल्या एका राज्याचे माजी गव्हर्नर का असेनात! लेकीपाठोपाठ हॅल्वर्सनसाहेब न्यूझीलंडला आले आणि आता पोरिरुआतल्या वृद्धाश्रमात नातवंडांसाठी आत्मचरित्र सांगत होते. हात थरथरत, त्यामुळे लिहिणं जमत नसे. तिथे नर्स असलेल्या सुनेनं, ऋचानं, दीनानाथांना आणून सोडलं होतं. "बाबा, घरी हीप्स बोअर होता तुम्ही, खूपच. यांना लिहून घेणारं कुणीतरी हवंय."

महिनाभरात बरंच लिहून झालं. गवळ्याचा मुलगा, शाळामास्तर, मग गव्हर्नर. मतं मागत दारोदार हिंडलेला गव्हर्नर, याचंच दीनानाथांना कोण अप्रूप! पूल, शाळा, महापूर, तिसऱ्या निवडणुकीतला पराभव, सगळं झालं. दुसऱ्या कारकिर्दीतलं एक वर्ष मात्र साहेब दर वेळी टाळून पुढे जात.

आज ते तिथेच थांबले.

"लिहा. बावीस वर्षांच्या कैद्याचा दयेचा अर्ज फेटाळण्यात आला. त्याला फाशी देण्यात आली."

दीनानाथांची पेन्सिल अडली. असाच एक कागद राजभवनात त्यांनी टाइप केला होता. 'फेटाळण्यात आला आहे.' सरकारी भाषेत कर्ता लागत नाही, केवढी सोय! त्या कैद्याची आई रोज फाटकापाशी येऊन विचारायची, "कुणी फेटाळला, भाऊ?" दीनानाथ म्हणायचे, "वरून आलंय, मावशी." ते उत्तर त्यांना अजून छळत होतं.

"सर," त्यांनी चाचरत विचारलं, "कुणी फेटाळला?"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आता हाकलणार, असं दीनानाथांना वाटलं. बाहेरून कुणीतरी जँडल्स, इथल्या रबरी चपला, फटफटवत गेलं.

"मी," साहेब शेवटी म्हणाले. "मी फेटाळला. सही माझी होती."

तेवढं एक वाक्य दीनानाथांनी शॉर्टहँडमध्ये न लिहिता सरळ अक्षरांत लिहिलं.

"आमच्याकडचा असाच एक कागद मी टाइप केला होता," ते म्हणाले. "त्या कैद्याच्या आईला मी खरं सांगितलं नाही."

साहेबांनी थरथरत्या हातानं समोरची खुर्ची दाखवली.

दीनानाथ बसले.